नोंदींच्या साखळीची रंगीत तालीम

बेंगळूरु शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शहराच्या मेट्रो रेल्वेची पिवळी मार्गिका येथवर येऊन पोचली. राष्ट्रीय विद्यालय रस्त्यापासून बोम्मसंद्रापर्यंतची ही वाट सुमारे १९ किलोमीटरांची असून तीवर १६ स्थानके आहेत. परंतु पहिला उतारू गाडीत बसण्यापूर्वी कित्येक महिने या मार्गावर रिकाम्या गाड्या धावत होत्या. त्या थांबवून पाहिल्या, पुन्हा चालवून पाहिल्या आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी झाल्यावरच स्थानकांची दारे उघडली. जी चूक रिकाम्या गाडीत केवळ नोंदवहीत जाते, तीच भरल्या गाडीत जिवावर बेतते, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

हेच तत्त्व संगणकाच्या एका नव्या शाखेसही लागू पडते. ही शाखा म्हणजे ‘ब्लॉकचेन’, अर्थात नोंदींच्या खंडांची साखळी. तिच्यात एकदा गेलेली नोंद पुसता येत नाही. म्हणून तिच्यासाठी लिहिलेली आज्ञावली प्रथम आपल्या मेजावरील संगणकातच तपासावी लागते. ती कशी तपासतात आणि त्या तपासणीची मर्यादा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साखळी कशी गुंफतात

आपल्या खेड्यांतील तलाठ्याचे दप्तर वाचकांच्या परिचयाचे आहे. जमिनीचा मालक बदलला म्हणजे तलाठी जुनी नोंद खरवडून टाकीत नाही. तो फेरफाराची नवी नोंद करतो आणि तिच्या आधारे सातबारा बदलतो. जुने फेरफार क्रमवार पाहत गेल्यास जमिनीचा सारा इतिहास उलगडतो. ब्लॉकचेनची कल्पनाही मुळात अशीच आहे. भेद इतकाच की, हे दप्तर एका कचेरीत न राहता त्याच्या सारख्या प्रती अनेक संगणकांवर असतात. अशा प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात; आपण त्यास ‘साक्षीकेंद्र’ म्हणू.

नोंदींचा एक खंड पुरा झाला म्हणजे त्यातील मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतात. बिटकॉइनच्या साखळीत हा ठसा २५६ द्विमान अंकांचा असतो. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा पार निराळा येतो. पुढील खंडात मागील खंडाचा ठसा लिहून ठेवतात. यामुळे मधला एखादा खंड कोणी बदलला, तर त्यापुढील सारे ठसे जुळेनासे होतात आणि इतर साक्षीकेंद्रे ती प्रत नाकारतात. बिटकॉइनच्या साखळीचा पहिला खंड ३ जानेवारी २००९ या दिनांकाचा आहे. ईथीरियम ही दुसरी साखळी २०१५ मध्ये सुरू झाली. तीत केवळ नोंदीच नव्हे, तर करारपत्राप्रमाणे आपोआप अंमलात येणाऱ्या आज्ञावल्याही ठेवता येतात.

एटापल्लीचे उदाहरण

या सर्वांचा सामान्य माणसाशी संबंध काय, असा प्रश्न उद्भवेल. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन नावाच्या साखळीच्या आधारे देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. त्यासाठीची यंत्रणा बेंगळूरु येथील एका संस्थेने पुरविली होती. अशा पद्धतीत प्रमाणपत्राचा ठसा साखळीत नोंदविलेला असतो. पुढे शाळेत वा कचेरीत कोणी ते प्रमाणपत्र दाखविले, तर त्याचा ठसा पुन्हा काढून साखळीतील ठशाशी ताडून पाहता येतो. कागदात फेरबदल झाला असल्यास दोन्ही ठसे जुळत नाहीत.

आता कल्पना करा की, ठसा काढणाऱ्या आज्ञावलीतच दोष राहिला आहे. नावातील एखादे जोडाक्षर ती देताना एका रीतीने वाचते आणि पडताळताना दुसऱ्या रीतीने. मग खऱ्या प्रमाणपत्राचा धारक खोटा ठरेल. ज्या विद्यार्थ्याचा प्रवेश वा शिष्यवृत्ती त्या कागदावर अवलंबून आहे, त्याला या गणिताची काहीच कल्पना नसणार. यासाठीच असा दोष आधी, आणि तोही घरच्या घरी, सापडला पाहिजे.

मेजावरची साखळी

या कामी वापरली जाणारी एक प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे ‘गनाश’. ती संगणकावर बसवून एक कळ दाबली की, ईथीरियमसारखी एक छोटी साखळी त्या एकाच यंत्रात सुरू होते. पडद्यावर दहा खाती दिसतात आणि प्रत्येकात १०० ईथर जमा असतात. ईथर हे त्या साखळीचे नाणे. परंतु येथील नाणी नाटकातील दागिन्यांसारखी, बाहेर कवडीमोल. गनाशच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये तिची देखभाल थांबविली. आता तेच काम ‘हार्डहॅट’ आणि ‘अँव्हिल’ या आज्ञावल्या करतात. रीत मात्र तीच राहिली असल्यामुळे तिचेच उदाहरण घेऊ.

पहिला प्रयोग हिशेबाचा. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात ५ ईथर पाठवा. दुसऱ्यात १०५ होतील, पण पहिल्यात पुरते ९५ उरणार नाहीत. कारण प्रत्येक व्यवहारास हशील द्यावे लागते. साध्या व्यवहारास श्रमाची २१,००० एकके लागतात. एका एककाचा दर ईथरचा २० अब्जांश धरला, तर हशील ०.०००४२ ईथर होते आणि पहिल्या खात्यात ९४.९९९५८ उरतात. हा आकडा कागदावर आधी मांडून मग पडद्याशी ताडावा. तो जुळला, तर आपण साखळीचा नियम नीट समजलो आहोत, असे मानण्यास हरकत नाही.

दुसरा प्रयोग काळाचा. खऱ्या ईथीरियमवर बारा सेकंदांस एक खंड तयार होतो. मेजावरील साखळीत व्यवहार होताक्षणीच खंड बनतो. शिवाय तिचे घड्याळ पुढे ढकलता येते. एका वर्षाने फळास येणारा करार क्षणार्धात तपासता येतो. साखळीच्या एखाद्या अवस्थेची खूण करून ठेवावी, वाटेल तो प्रयोग करावा आणि पुन्हा त्या खुणेपाशी परत यावे, अशीही सोय असते. खऱ्या साखळीवर जे अशक्य, तेच येथे नित्याचे.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे नकाराचा. जी आज्ञा केवळ मालकानेच द्यावयाची, ती मुद्दाम परक्या खात्यातून देऊन पाहावी. आज्ञावलीने ती नाकारली पाहिजे. ही तपासणी राहून गेली की काय होते, हे ६ नोव्हेंबर २०१७ रोजी दिसून आले. ‘पॅरिटी’ नावाची अनेक पाकिटे एकाच सामाईक आज्ञावलीवर अवलंबून होती आणि त्या आज्ञावलीच्या मालकाची जागा रिकामीच राहिली होती. एका परक्या व्यक्तीने ती जागा घेतली आणि स्वतःच्या नाशाची आज्ञा त्या आज्ञावलीस दिली. ५ लाख १३ हजारांहून अधिक ईथर त्या पाकिटांत अडकून पडले. ते चोरीस गेले नाहीत. साखळीत आजही दिसतात, पण कोणासही काढता येत नाहीत.

एक साक्षीदार पुरेसा नाही

वरील प्रयोगांत एक उणीव आहे, ती चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आलीच असेल. दप्तराच्या अनेक प्रती असणे हा या पद्धतीचा प्राण. पण मेजावर तर एकच साक्षीकेंद्र होते. साक्षीदारांतील मतभेद त्यात दिसणारच नाही.

ती उणीव भरून काढण्यासाठी एकाच संगणकात अनेक केंद्रे उभारतात. ‘पोलार’ ही आज्ञावली बिटकॉइनसाठी असेच करते. येथे खंड आपल्या इच्छेनुसार पाडता येतात. पहिल्या खंडाचे बक्षीस वापरण्यास मोकळे व्हावे म्हणून आरंभी १०१ खंड पाडण्याची प्रथा आहे. कारण बक्षिसावर आणखी १०० खंड चढल्यावाचून ते खर्चता येत नाही. दोन केंद्रे जोडून मग त्यांतील दुवा तोडावा. एकात दोन खंड पाडावे, दुसऱ्यात तीन, आणि दुवा पुन्हा जोडावा. पहिले केंद्र आपले दोन खंड सोडून देते आणि दुसऱ्याचे तीन स्वीकारते, कारण ज्या शाखेत अधिक श्रम ओतले गेले, तीच खरी मानावयाची, असा नियम आहे.

तथापि सर्व केंद्रे एकाच आवृत्तीची असली, तर ही तपासणीही अपुरी पडते. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या नव्या आवृत्तीने एक मोठा खंड स्वीकारला. जुन्या आवृत्तीच्या केंद्रांना मात्र त्यांच्या साठवणपद्धतीच्या मर्यादेमुळे तो पेलवला नाही. कित्येक तास साखळीच्या दोन शाखा समांतर चालल्या. अखेर खंड पाडणाऱ्या मंडळींनी जुन्या आवृत्तीकडे परतून तिढा सोडविला. म्हणून जाणते अभियंते आपल्या छोट्या साखळीत नव्याजुन्या आवृत्त्या मुद्दाम शेजारीशेजारी ठेवतात.

आपल्याकडील सोय

भारत सरकारने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ ही राष्ट्रीय ब्लॉकचेन यंत्रणा सुरू केली. तिची केंद्रे भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या संगणकगृहांत आहेत. तिच्याबरोबरच नव्या उद्योगांसाठी व अभ्यासकांसाठी ‘एनबीएफलाइट’ ही प्रयोगभूमीही उपलब्ध करून देण्यात आली. परंतु या लेखातील प्रयोगांना एक साधा संगणकही पुरतो. एक पथ्य मात्र पाळावे: चाचणीच्या खात्यांच्या गुप्त किल्ल्या पुष्कळदा सर्वांना ठाऊक असतात, म्हणून त्या खात्यांवर खरे नाणे कधीही पाठवू नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मेजावरील साखळी आज्ञावलीची परीक्षा घेते, नोंदीच्या सत्यतेची नव्हे. कारकुनाने मुळातच चुकीचे नाव लिहिले, तर साखळी ते चुकीचे नावच इमानाने जतन करील. ती चूक पकडण्यासाठी कागद हाती घेऊन त्या माणसासच विचारावे लागते. यंत्राची तालीम कितीही झाली, तरी हे काम माणसाकडेच राहते.