दम वाढलाय? फुफ्फुसांसोबत हृदयाकडेही बघा

फुफ्फुसांचा फायब्रोसिस झालेल्या माणसाच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, 'आता दम लागणारच, आजारच तसा आहे.' हे वाक्य खोटे नाही. पण कधी कधी याच वाक्यामुळे दुसरा एक आजार नजरेतून सुटतो. त्याचे नाव पल्मोनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमध्ये वाढलेला दाब. दंडाला पट्टा बांधून आपण जे बीपी मोजतो, ते अगदी नॉर्मल असले तरी हा दाब वाढलेला असू शकतो.

फायब्रोसिस खूप पुढे गेलेल्या अनेक रुग्णांना हा त्रास होतो. त्याने चालणे कमी होते, ऑक्सिजनची गरज वाढते आणि आयुष्यही कमी होऊ शकते. म्हणूनच तो वेळेत ओळखणे महत्त्वाचे आहे. आणि त्याचे पहिले बदल बहुतेक वेळा घरातल्या माणसांनाच दिसतात.

आत नेमके काय होते?

त्वचेवरची खोल जखम भरल्यावर तिथे कडक वण राहतो. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुसांच्या नाजूक जाळीवर असेच वण पडतात. फुफ्फुसे ताठर होतात आणि ऑक्सिजन रक्तात पोहोचणे कठीण होते. अशा अनेक आजारांच्या गटाला इंटरस्टिशियल लंग डिसीज, थोडक्यात आयएलडी म्हणतात.

त्यामागे संधिवातासारखे आजार, काही औषधे, धूळ किंवा पक्ष्यांच्या विष्ठेचे कण असू शकतात. काही वेळा कारण सापडतच नाही. भारतातल्या १,०८४ आयएलडी रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या कणांच्या अ‍ॅलर्जीतून होणारा आजार होता. पक्षी, बुरशी आणि एअर कूलर यांच्याशी आलेला संबंध अनेकांच्या बाबतीत दिसला होता.

आता हृदयाकडे वळू. हृदयाची उजवी बाजू शरीरातून आलेले रक्त फुफ्फुसांकडे ढकलते. हे काम एरवी हलके असते. दंडातले बीपी १२०/८० असते, तेव्हा फुफ्फुसांच्या धमनीतला सरासरी दाब त्याच मापात फक्त १४ च्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला, की त्याला पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणतात.

दाब वाढण्याची मुख्य कारणे दोन. वणांमुळे लहान रक्तवाहिन्या नष्ट होतात. शिवाय ऑक्सिजन कमी झाला, की उरलेल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हळूहळू जाड होतात. रस्ते कमी आणि तेही अरुंद, पण रक्त तेवढेच. उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. ती आधी फुगते, मग थकते.

कोणते बदल टिपायचे?

स्पायरोमेट्री आणि सीटी स्कॅन मागच्या वेळेसारखेच आहेत, पण दम मात्र स्पष्टपणे वाढलाय, हा सर्वांत महत्त्वाचा इशारा. त्याशिवाय हे पाहा:

• बसल्यावर ऑक्सिजनचा आकडा ठीक, पण खोलीत चार पावले टाकताच झपाट्याने खाली येणे
• घोट्यांवर सूज, बोटाने दाबल्यावर खळगा राहणे
• जिना चढताना किंवा वाकून उठताना भोवळ येणे
• छातीत धडधड किंवा दडपण
• पोट फुगणे, भूक मंदावणे, काही दिवसांत अचानक वजन वाढणे

ही लक्षणे इतर कारणांनीही दिसतात. त्यामुळे घरी निदान करू नका. तारीख घालून वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

निदान कसे होते?

सुरुवात बहुधा टू-डी इकोने होते. सोबत रक्ताची बीएनपी तपासणी, फुफ्फुसांची वायू शोषण्याची क्षमता मोजणारी डीएलसीओ चाचणी आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी करतात. फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली आहे का, झोपेत श्वास थांबतो का, हेही तपासावे लागू शकते.

इकोमधला दाब हा अंदाज असतो. खराब फुफ्फुसांत तो अंदाज चुकूही शकतो. खात्रीचे निदान होते राइट हार्ट कॅथेटरायझेशनने. यात मान, हात किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन दाब थेट मोजतात. नाव ऐकून घाबरायला होते, पण ही तपासणी सहसा जागा बधिर करून होते. दाब फुफ्फुसांमुळे वाढला की हृदयाच्या डाव्या बाजूमुळे, हेही त्यातून कळते. प्रत्येक रुग्णाला ती लागेलच असे नाही. तिच्या निकालाने उपचार बदलणार का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

उपचार आहेत, पण जपून

आधी मूळ आजार. निन्टेडॅनिब आणि पिरफेनिडोन ही औषधे योग्य रुग्णांमध्ये वण वाढण्याचा वेग कमी करतात. झालेले वण मात्र ती पुसत नाहीत. गरजेनुसार ऑक्सिजन, सूज उतरवणारी औषधे, श्वसनाचे आणि चालण्याचे देखरेखीखालचे व्यायाम आणि फ्लू-न्यूमोनियाच्या लसी यांचा आधार मिळतो. काही रुग्णांसाठी फुफ्फुस प्रत्यारोपण हा पर्याय असतो. त्याची चौकशी प्रकृती फार खालावण्याआधीच करावी.

२०२१ मध्ये या आजारासाठी एक नवी वाट उघडली. श्वासातून घ्यायच्या ट्रेप्रोस्टिनिल या औषधाची ३२६ रुग्णांवर चाचणी झाली. १६ आठवड्यांनंतर औषध घेणारे रुग्ण सहा मिनिटांत इतरांपेक्षा सरासरी ३१ मीटर जास्त चालू शकले. हा बरा करणारा उपाय नाही. पण पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना ज्याला थांबावे लागते, त्याला ३१ मीटरची किंमत ठाऊक असते. त्याच वर्षी अमेरिकेने या वापराला मंजुरी दिली. आपल्या रुग्णाला ते चालेल का, मिळेल का, हे तज्ज्ञांनाच विचारा.

इथे एक धोक्याची सूचना. दाब कमी करणारे प्रत्येक औषध इथे चालत नाही. इतर प्रकारच्या पल्मोनरी हायपरटेन्शनमध्ये वापरली जाणारी अ‍ॅम्ब्रिसेन्टन आणि रिओसिग्वाट ही औषधे फायब्रोसिसच्या काही रुग्णांवरील चाचण्यांत अपायकारक ठरली. सिल्डेनाफिलही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. हृदयासाठीच्या नायट्रेट गोळ्यांसोबत ते घेतल्यास बीपी धोकादायकरीत्या घसरू शकते. ओळखीच्या कुणाला गुण आला म्हणून तीच गोळी घरी आणणे जिवावर बेतू शकते.

घरी काय करता येईल?

ऑक्सिमीटरचा आकडा बसून आणि चालून, दोन्ही वेळा लिहा. नेलपॉलिश, बोटांवरची मेंदी किंवा गार पडलेली बोटे यांमुळे आकडा चुकू शकतो.

ऑक्सिजन सुरू असताना गॅसची शेगडी, देवघरातले निरांजन आणि उदबत्तीपासून दूर राहा. घरात कुणीही सिगारेट ओढू नये.

रोज सकाळी एकाच वेळी वजन करा. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ सूज वाढवू शकते.

बाथरूममध्ये स्टूल आणि धरायला दांडी ठेवा. आंघोळ आणि शौचाच्या वेळी दम सर्वांत जास्त लागतो.

बाल्कनीतली कबुतरांची घाण रुग्णाने साफ करू नये.

प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला. विमानाच्या केबिनमधली हवा सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. शिमला, लेहसारख्या उंच ठिकाणीही हाच प्रश्न येतो.

रुग्ण बेशुद्ध पडला, ओठ निळे झाले, छातीत दुखू लागले किंवा अचानक दम खूप वाढला, तर वाट पाहू नका. थेट इमर्जन्सी गाठा.

आजार खूप पुढे गेला असेल, तर दम आणि भीती कमी करणारी पॅलिएटिव्ह केअरही मागता येते. ती घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. बाकीच्या उपचारांसोबतच ती सुरू करता येते. पुढे आयसीयू हवे की घर, हे रुग्णालाच शांतपणे विचारून ठेवा. ऐन धावपळीत हा निर्णय मुलांवर टाकण्यापेक्षा ते बरे.

पुढच्या तपासणीला जाताना फाइलसोबत ती वही न्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा, 'डॉक्टर, हा वाढलेला दम फक्त फायब्रोसिसचा आहे, की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतोय?'