मोंतोनेचे सूर्यघड्याळ, पळसगावचा नाईक

मोंतोने हे इटलीच्या उंब्रिया प्रांतातले डोंगरमाथ्यावरचे तटबंदीचे गाव. वस्ती दीड-एक हजाराची. गावाला लढवय्यांचे कौतुक जुनेच. पंधराव्या शतकातला भाडोत्री फौजांचा सेनापती ब्राच्चो दा मोंतोने याच गावाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या मुलाने व्हेनिसहून आणलेल्या, येशूच्या काटेरी मुकुटातल्या मानल्या जाणाऱ्या पवित्र काट्याचा उत्सव गाव अजून थाटाने करते. अशा या गावाने जुलै 2023 मध्ये एक नवे स्मारक उभारले. ते मात्र आपल्या माणसाचे नव्हते. ते होते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या लढाईत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनचे पन्नास हजारांहून अधिक सैनिक उतरले. त्यांतले 5,782 परतले नाहीत. या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. सहा भारतीय फौजेच्या वाट्याला आले आणि त्यांतले दोन मराठा लाइट इन्फंट्रीने मिळवले. त्या दोघांपैकी नामदेव जाधव 1945च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर लढले आणि जिवंत घरी आले. घाडगे आले नाहीत.

त्यांच्या शौर्याचा अधिकृत वृत्तान्त 2 नोव्हेंबर 1944च्या लंडन गॅझेटमध्ये छापला आहे. मजकूर थोडका आणि कोरडा. 10 जुलै 1944. टायबरचे वरचे खोरे. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणाऱ्याला निकामी केले, आणखी एकाला टॉमी गनने टिपले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून ठार केले. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या मोर्च्यातच ते कोसळले. वय बावीस.

गॅझेट यापुढे फारसे काही सांगत नाही. सेक्शनमधले बाकीचे जवान कोण, कुठल्या गावचे, याची त्यात ओळही नाही. खुद्द घाडग्यांनाही थडगे नाही. ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक नावांमध्ये त्यांचे नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर कोरले आहे.

म्हणूनच मोंतोनेच्या ग्रामसंस्थेने आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी केलेली निवड लक्षात भरते. त्यांनी पुतळा उभारला नाही. चालते सूर्यघड्याळ बसवले आणि त्यावर लॅटिन वचन घातले: आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. भारताच्या तेव्हाच्या राजदूत नीना मल्होत्रा समारंभाला होत्या, भारतीय सेनेचा नामफलकही लावला गेला. ‘सारे’ म्हटल्यावर मशीनगनमागचे जर्मनही त्यात आले, आणि गॅझेटमध्ये ज्यांची नावे नाहीत ते मराठे जवानही.

इकडे मात्र ही आठवण इतकी सरळ राहत नाही. घाडगे पडले त्याच्या दोन महिने आधी, 6 मे 1944 रोजी, गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटले होते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालू होते. त्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली होती. एकाच मुलखात एक भाऊ इंग्रजांच्या फौजेत आणि दुसरा इंग्रजांविरुद्ध, हे नवल नव्हते. स्वातंत्र्यानंतर पहिल्याचे काय करायचे हे आपल्याला नीट ठरवता आले नाही. ‘पोटासाठी गेला’ म्हटले की शौर्य झाकोळते, आणि नुसते ‘शूर’ म्हटले की साम्राज्याचा प्रश्न टळतो. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात.

माणगावला घाडग्यांचा पुतळा आहे, तहसील कार्यालयासमोर. सातबाऱ्याच्या आणि दाखल्यांच्या धावपळीत असलेली माणसे तिथून ये-जा करतात. त्यांच्यासाठी चौथऱ्याजवळ एक फलक हवा: गॅझेटमधला तो कोरडा वृत्तान्त मराठीत, खाली सेक्शनच्या जवानांची शोधून काढलेली नावे आणि शेवटी मोंतोनेचा पत्ता. नावे शोधायला बेळगावचे रेजिमेंटल सेंटर आणि कासिनोच्या याद्या, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.