हे खरे आहे काय?

आसगावची नळयोजना बंद पडली, असं समजा. पवनी तालुक्यातलं, चौरास पट्ट्यातलं हे धानाचं गाव. सरपंच पंचायत समितीत जाऊन येतील, मग भंडाऱ्याला जिल्हा परिषदेत जातील, आणि ‘प्रस्ताव वर गेलाय’ हे ऐकून परत येतील. हे ‘वर’ कुठल्या मजल्यावर आहे, कुठल्या टेबलावर आहे, हे त्यांना कोणी सांगणार नाही. त्या टेबलावरच्या माणसाला ठरल्या तारखेच्या आत लेखी उत्तर तयार करायला लावणारं एक जुनं यंत्र मात्र आपल्याकडे अजून चालू आहे. ते म्हणजे आमदाराने विधानसभेत विचारलेला तारांकित प्रश्न.

त्याचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे. आपलं समजाचं उदाहरण त्यात बसवलं तर ते असं दिसेल : ‘सन्माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) मौजे आसगाव (ता. पवनी, जि. भंडारा) येथील नळपाणीपुरवठा योजना गेल्या सहा महिन्यांपासून बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

वाचायला रुक्ष, पण बांधणी पक्की. यात बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा नाही, संताप नाही, विशेषण नाही. नियमच तसा आहे : प्रश्नात मत नको, युक्तिवाद नको, तर्क नको, काल्पनिक गोष्ट नको, आणि विषय मंत्र्याच्या जबाबदारीतला हवा. चौथा भाग सगळ्यात चतुर. चौकशी केली असेल तर निष्कर्ष सांगा, केली नसेल तर का नाही ते सांगा. दोन्ही दारं बंद करून मंत्र्याला मधल्या खोलीत उभं केलेलं असतं.

पण मंत्रालयातले कक्ष अधिकारी याच साच्यावर आयुष्य काढतात आणि तिसरं दार त्यांना ठाऊक असतं. योजना सहा नव्हे, पाच महिन्यांपासून बंद असेल, तर (१)चं उत्तर ‘हे खरे नाही.’ आणि त्यापुढे : ‘(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं. एका महिन्याच्या चुकीने आसगावचा नळ कागदावर चालू झाला. जरा सभ्य खातं असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणेल. ‘अंशतः खरे’ हे दोन शब्द प्रश्नोत्तरांच्या यादीत दिसले की तिथे थांबावं. त्यांच्या पुढच्या ओळीत बहुतेकदा खरी माहिती असते. विरोधक सभागृहात ‘उत्तर दिशाभूल करणारं आहे’ म्हणून ओरडतात, आणि अनेकदा ते खरंही असतं. पण पुष्कळ वेळा उत्तर शब्दशः बरोबर असतं आणि प्रश्नच ढिला असतो, हेही कबूल करायला हवं.

या यंत्राचं खरं काम सभागृहात होतच नाही. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी विधिमंडळ सचिवालयात जाते. स्वीकारायची की नाही, हा अध्यक्षांचा अधिकार. स्वीकारली की ती खात्याकडे येते, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, तिथून कार्यकारी अभियंता, उपअभियंता, गटविकास अधिकारी, आणि शेवटी ग्रामपंचायतीत. कागदावर ‘विधानसभा तारांकित प्रश्न’ असं लिहिलेलं असलं की एरवी आठवडाभर न उघडणारी फाईल त्याच संध्याकाळी उघडते. सहा महिने न फिरकलेला अभियंता पंपघर बघायला येतो. वीजबिल थकल्यामुळे जोडणी तोडली आहे की मोटार जळली आहे, हे पहिल्यांदा कोणीतरी लिहून काढतं. कित्येकदा उत्तरात ‘योजना सुरू करण्यात आली आहे’ असं लिहिता यावं म्हणून योजना खरोखरच सुरू करतात. मंत्री उभे राहायच्या आत काम झालेलं असतं, आणि त्याची बातमी होत नाही.

सभागृहातला तास म्हणजे त्याच्या पुढचा टप्पा. खात्यांचे वार ठरलेले असतात. छापील यादी लांबलचक असते आणि तासाभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. पुकारला गेला तर उपप्रश्न विचारता येतात, आणि मंत्र्याची तयारी तिथे उघडी पडते. उत्तर अगदीच पोकळ निघालं तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात. मंत्री ‘महिनाभरात करू’ म्हणाले, तर ते वाक्य आश्वासन समितीच्या वहीत जातं. लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा ही बाकीची आयुधं. अलीकडे आमदारांचा ओढा लक्षवेधीकडे जास्त. तिला कॅमेरा मिळतो.

भंडाऱ्याने ही प्रश्नांची घरं बरीच बदलली. ब्रिटिश हिंदुस्थानात कायदेमंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली, उपप्रश्नाची १९०९ च्या सुधारणांनंतर. पण भंडारा मध्य प्रांतात, आणि त्या प्रांताला स्वतःचं कायदेमंडळ मिळायला १९१४ उजाडलं. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाड, मग नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश, १९५६ ला द्वैभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र. १९५६ पर्यंत भंडाऱ्याच्या आमदाराचं सरकार साठ किलोमीटरवर होतं. नंतर ते अरबी समुद्राच्या काठी गेलं.

हे होणार, याची कल्पना असल्यामुळेच २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, सरकार ठरावीक काळ नागपुरात येईल आणि वर्षातून किमान एक अधिवेशन तिथे होईल, असं लिहून घेतलं होतं. १९६० पासून नागपूर अधिवेशन सुरू झालं. विदर्भाचे प्रश्न विदर्भात विचारावेत, ही कल्पना चांगलीच आहे. प्रत्यक्षात डिसेंबरचे दोन आठवडे, कधी त्याहून कमी. हुरडा पार्ट्यांची थट्टा नागपूरकर इतकी वर्षं करत आले आहेत की आता थट्टाही शिळी झाली. ६ जुलै २०१८ ला, त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं असताना, विधान भवनाच्या वीजयंत्रणेच्या खोलीत पाणी शिरलं आणि कामकाज बंद ठेवावं लागलं. सार्वजनिक सेवेचा असा ताजा अनुभव आमदारांना क्वचितच मिळतो.

नागपूर अधिवेशनाची दुसरी एक आठवण थट्टेची नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला आपल्या मागणीसाठी आलेला गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या चौकात अडवला गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. आत कागदावरचे प्रश्न चालू असताना बाहेर माणसं स्वतः प्रश्न घेऊन आली होती, आणि त्यांचं ऐकायला वेळेत कोणी बाहेर आलं नाही.

पवनी तालुक्यातला सगळ्यात मोठा प्रश्न तालुक्यातच उभा आहे : गोसीखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि सुधारित किंमत अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेली. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेलं पोर आज पस्तिशी ओलांडून बसलं आहे. ‘प्रकल्प कधी पूर्ण होणार’ हा प्रश्न विधिमंडळात इतक्यांदा आला आहे की त्याच्या उत्तरात फक्त साल बदलावं लागतं. माझ्या मते हा प्रश्न विचारणंच चूक आहे. ‘कधी’ला कोणतीही तारीख चालते. अमुक वितरिकेच्या अमुक किलोमीटरचं काम कोणाला दिलं, किती बिल काढलं, अस्तरीकरणाची तपासणी कोणी केली, पुनर्वसित गावठाणातल्या अठरा नागरी सुविधांपैकी कोणत्या नाहीत, असं विचारलं की कागद बाहेर येतात.

इथे प्रश्नोत्तराच्या तासाच्या भक्तांना एक अवघड गोष्ट सांगावी लागते. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत, दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राच्या टक्केवारीत जेमतेम ०.१ ची भर पडल्याचं दिसलं. त्याच वर्षी जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं पत्र गाजलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका आली, मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी. म्हणजे सिंचनातल्या गैरव्यवहाराचं एवढं मोठं प्रकरण फुटलं ते सरकारच्याच एका तक्त्यामुळे आणि सरकारच्याच एका अभियंत्यामुळे. इतकी वर्षं ‘कधी’ विचारणाऱ्या सभागृहाने ‘किती’ आणि ‘कोणाला’ पुरेसं विचारलं नव्हतं.

दुसरी अडचण खात्यांची. प्रश्न एकाच मंत्र्याला विचारायचा असतो, आणि गावातलं दुखणं एका खात्यात मावत नाही. मालगुजारी तलावांचं घ्या. भंडाऱ्यात, गोंदियात ‘मामा तलाव’ म्हणतात त्यांना. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे जलसंपदाकडे, त्यातली मासोळी सहकारी संस्थेकडे, काठावरचं अतिक्रमण महसूलकडे. पाळ फुटली की बांधीत पाणी एकच शिरतं, पण विचारायचं कोणाला? किंवा नागनदी. नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, आणि तिथून गोसीखुर्दच्या फुगवट्यात. नगरविकास, पर्यावरण, जलसंपदा, पाणीपुरवठा; चौघांपैकी कोणालाही विचारा, तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल, आणि नियमाप्रमाणे ते बोट बरोबर असेल.

धानाचं मात्र नीट चालतं, कारण तिथे आकडा एकच असतो. खरेदी केंद्रं कधी उघडणार, चुकारे कधी मिळणार, बोनस किती. हंगाम आणि अधिवेशन एकाच वेळी येतात. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात हेक्टरी १५ हजार, डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात हेक्टरी २० हजार अशी घोषणा झाली, दोन्ही वेळा दोन हेक्टरांच्या मर्यादेत. जिल्ह्यातून विधानसभेत तीनच आमदार जातात, २८८ पैकी. तरी धानावर सगळा पूर्व विदर्भ पक्ष विसरून एका सुरात बोलतो.

साच्यातलं सगळ्यात मोठं भोक मला वेगळंच दिसतं. ‘निदर्शनास आले’ म्हणायला आधी काहीतरी घडावं लागतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले, चर्चा झाल्या, आवाज चढले. ‘राज्यातल्या किती जिल्हा रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी झाली आहे?’ हा प्रश्न कोणत्याही साध्या वर्षी नियमात बसतो. तो काल्पनिक नाही, त्यात मत नाही. फक्त त्याला मथळा नाही. असे कंटाळवाणे प्रश्न विचारणारा आमदार मला सभागृहाच्या मोकळ्या जागेत बॅनर घेऊन उतरणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

आणि प्रश्न विचारायला दिवस तर हवेत. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं करोनामुळे नागपुरात झालीच नाहीत. २०२४ मध्ये १५ डिसेंबरला ३९ मंत्र्यांचा शपथविधी नागपुरात झाला, दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू झालं, आणि खातेवाटप झालं ते २१ तारखेला, म्हणजे अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. पाणीपुरवठा मंत्री कोण हेच ठरलेलं नसताना आसगावच्या नळाबद्दल कोणाला विचारायचं होतं? अनुशेषाचा हिशेब ठेवणारी, १९९४ मध्ये स्थापन झालेली विकास मंडळंही ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून थांबली. त्या हिशेबाची सुरुवात दांडेकर समितीने १९८०च्या दशकात केली होती. आता विदर्भाला काय मिळालं, हे मोजणारी स्वतंत्र वही उरलेली नाही. प्रश्नोत्तरांची यादी तेवढी आहे.

म्हणून आसगावकरांना, आणि आसगावसारख्या प्रत्येक गावाला एक विनंती. अधिवेशनात मोर्चाला जायचं असेल तर जरूर जा. पण त्याच्या दोन महिने आधी, धान कापणीला यायच्या सुमारास, आमदाराच्या हातात एक कागद द्या. योजनेचं नाव, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक, बंद पडल्याची तारीख, कोणत्या कार्यालयाला कधी अर्ज दिला त्याच्या पोचपावत्यांच्या प्रती. ‘बऱ्याच दिवसांपासून’ असं त्यात कुठेही लिहू नका. कागद सत्ताधारी आमदारालाही द्या, विरोधी आमदारालाही द्या. विधान परिषदेचे सदस्यही प्रश्न विचारू शकतात. अधिवेशन संपलं की उत्तराची छापील प्रत मागा. यादी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही मिळते. ती २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा, आणि उत्तर खोटं असेल तर तसा ठराव करून त्याच आमदाराकडे परत पाठवा.