तो खांदा कुणाचा?

एक मिनिट मोबाइल खाली ठेवा आणि आठवून बघा, तुमची सगळ्यात पहिली आठवण कोणती? बालवाडीतला पहिला दिवस? धाकट्या भावाचं बारसं? की असं काहीतरी, ज्याला एकही साक्षीदार सापडत नाही?

माझी आठवण या तिसऱ्या प्रकारातली. काळोख आहे, बाहेर धो धो पाऊस. मी कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकलंय. शर्टाला ओल्या गोणपाटाचा वास येतोय, खाली पाण्याचा आवाज आणि माझी पाठ थोपटणारा एक हात. चेहरा नाही. बस्स, एवढंच. पण बारावीच्या फिजिक्सच्या पेपरआधी, पहिल्या इंटरव्ह्यूला बाहेर बसलेली असताना, मी डोळे मिटून हाच खांदा शोधलाय. दर वेळी धडधड कमी झालीय.

घरच्यांच्या हिशेबाने ही २६ जुलै २००५ ची रात्र असावी. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तोच दिवस. मुंबईच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, पण आमच्या पनवेललाही गाढी नदीने सोडलं नव्हतं. मी तेव्हा अडीच वर्षांची. बाबा ऑफिसात अडकलेले, घरी आई आणि आजी. आई म्हणते, "अगं, आपण रात्रभर वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. तुला पाण्यातून कुणी नेलंच नाही!"

मग तो खांदा कुणाचा?

मास कॉमची सवय, म्हणून वाचत सुटले आणि टेन्शनच आलं. मोठेपणी आठवणारी पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, त्याआधीचं बहुतेक पुसलं जातं. ज्याँ पियाजे हा मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ. पॅरिसमध्ये कुणीतरी आपल्याला बाबागाडीतून पळवायला आलं होतं, हे त्याला लख्ख आठवायचं. वाचवणाऱ्या दाईच्या चेहऱ्यावरचे ओरखडेसुद्धा! तो पंधराएक वर्षांचा असताना दाईने पत्र लिहून कबूल केलं की हे सगळं तिने रचलं होतं. बक्षीस मिळालेलं घड्याळही तिने परत केलं. पुढे १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना, 'लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात,' असं नातेवाइकांच्या हवाल्याने सांगितलं. असं काही घडलंच नव्हतं. तरी मुलाखतींमध्ये सहा जणांना ते थोडंफार किंवा पूर्ण 'आठवत' होतं.

म्हणजे माझा खांदाही खोटा? त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

शेवटी आजीला गाठलं. आजी आता ८१ ची, हल्ली बरंच विसरते. आधी म्हणाली, "तुझे आजोबा, दुसरं कोण?" आजोबा तर माझ्या जन्माआधीच गेले. आठवड्याने म्हणाली, "तो दूधवाला नाही का!" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने उत्तरच दिलं नाही. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पाठ थोपटायला लागली.

हाच तो हात, असं ठामपणे लिहायला मला आवडलं असतं. पण पियाजे वाचल्यापासून मी स्वतःवर एवढ्या पटकन विश्वास ठेवत नाही. कदाचित वास एका दिवसाचा असेल, पाऊस दुसऱ्या आणि थोपटणं रोजचंच. मेंदूने सगळं एकत्र शिवलं असेल. शिवण माझी, पण कापड कुणीतरी दिलंच होतं ना? घाबरलेल्या पोरीला थोपटणारे हात त्या घरात होते, एवढं मला पुरतं.

तुमच्याकडेही असा एखादा तुकडा असेल तर आजच घरातल्या मोठ्यांना विचारा. उत्तरं जुळली नाहीत तरी विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मी तिसऱ्या वेळी रेकॉर्डिंग लावलं होतं. त्यात आजीचा एकही शब्द नाही, फक्त थोपटल्याचा आवाज आहे. पुढच्या इंटरव्ह्यूला तो घेऊन जाणार आहे.