टेनिसचा सामना आणि टिपणवही

वऱ्हाडाला मोजदादीचे अप्रूप नाही. अकोल्याच्या कापूसबाजारात वजनाचा आकडा कागदावर चढल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. अमरावतीस १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि मैदानी खेळ तेथे अंगवळणी पडले. खो-खोच्या सामन्यात कोणता गडी किती मिनिटे व किती सेकंद टिकला, हे टिपणारा मनुष्य मैदानाच्या कडेस असावयाचाच. टेनिसचा सामना मात्र नुसता डोळ्यांनी पाहावयाचा, अशी समजूत दिसते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आकडे आयते मिळत असता हाताने रेघा ओढण्याची यातायात कशाला, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी करतात. प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हे.

त्याचे उत्तर १४ जुलै २०१९ रोजी झालेल्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात सापडते. त्या सायंकाळी साडेसहाच्या सुमारास फेडरर व जोकोविच यांचा खेळ येथील पडद्यांवर दिसू लागला आणि ४ तास ५७ मिनिटांनी, रात्री साडेअकरा उलटून गेल्यावर संपला. फेडररने २१८ गुण मिळविले, जोकोविचने २०४. गेमही फेडररचेच अधिक, ३६ विरुद्ध ३२. विजयी झाला जोकोविच : ७–६, १–६, ७–६, ४–६, १३–१२. योगायोग असा की, त्याच दिवशी लॉर्ड्सवर क्रिकेटचा विश्वचषक बरोबरीत अडकला, जादा षटकातही बरोबरीच राहिली आणि अखेर २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या बेरजेवर इंग्लंडला देण्यात आला. एका मैदानावर बेरजेने निकाल लावला. दुसरीकडे बेरजेला कोणी विचारले नाही!

टेनिसमध्ये गुणांची बेरीज गेमच्या सीमेपाशी पुसली जाते, आणि गेमची सेटच्या सीमेपाशी. ६–१ असा लुटलेला सेट आणि टायब्रेकवर कसाबसा मिळालेला सेट, दोहोंचे मोल एकच. वरील सामन्यातील तीन टायब्रेक जोकोविचने ७–५, ७–४, ७–३ असे जिंकले; म्हणजे त्यांत त्याचे २१ गुण, फेडररचे १२. उरलेल्या सर्व खेळात फेडरर २०६ विरुद्ध १८३ असा पुढे होता. एकूण ४२२ गुणांपैकी अवघ्या ३३ गुणांनी तीन सेट ठरविले. पडद्यावरील अंतिम कोष्टकात ही गोष्ट विरघळून जाते. गुण ज्या क्रमाने पडला त्या क्रमाने लिहिणाऱ्या वहीत ती जशीच्या तशी राहते.

वही साधी चालते. प्रत्येक गेमला एक ओळ; ओळीच्या आरंभी सर्व्हिस करणाऱ्याचे आद्याक्षर. मग प्रत्येक गुणासाठी एक खूण, सर्व्हिस करणाऱ्याने जिंकल्यास रेघेच्या वर, गमावल्यास खाली. पहिली सर्व्हिस चुकली असल्यास खुणेपुढे टिंब द्यावे. खूण मात्र गुण कसा पडला यावरून ठरवावी : बिनतोड सर्व्हिसला ‘स’, दुहेरी चुकीला ‘द’, जिंकणाऱ्या फटक्याला ‘फ’, चुकीला ‘च’. ब्रेक पॉइंट असेल तेव्हा खुणेभोवती वर्तुळ. आजच्या नियमानुसार दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात, तेवढा अवकाश पुष्कळ झाला. चेंडू खेळात असता मान खाली घातली की फटका गेलाच. म्हणून घरात दोघे असतील तर एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. मुले हे काम आनंदाने करतात.

त्याच सामन्यात पाचव्या सेटमध्ये फेडरर ८–७ असा पुढे होता आणि सर्व्हिस करताना ४०–१५ वर पोचला होता. विजेतेपदास एक गुण हवा होता आणि संधी दोन होत्या. पहिलीवर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसरीवर तो जाळ्याकडे धावला व जोकोविचने फोरहँडचा फटका त्याच्या बाजूने तिरपा काढला. धावफलकावर दोन्ही गुण सारखेच. वहीत मात्र रेघेखाली एक ‘च’ आणि एक ‘फ’ पडतो. पहिला गुण फेडररने गमावला, दुसरा त्याच्याकडून हिरावून घेतला गेला. ‘फेडरर घाबरला’ असे दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगणाऱ्याला ही दोन अक्षरे दाखवावीत.

अर्थात ‘च’ हे अक्षर मोठे वादग्रस्त आहे. प्रतिस्पर्ध्याने भाग पाडलेली चूक कोणती आणि आपण होऊन केलेली कोणती, याचा निवाडा पाहणाराच करतो, आणि तो बहुधा आपल्या आवडत्या खेळाडूच्या बाजूने झुकतो. त्याच्या चुका ‘भाग पाडलेल्या’, दुसऱ्याच्या ‘स्वतःच्या’! यास्तव धावत जाऊन गाठलेल्या चेंडूवरची चूक भाग पाडलेली, उभ्या जागी झालेली आपली, असा एखादा ढोबळ नियम सामन्यापूर्वीच वहीच्या माथ्यावर लिहावा व शेवटपर्यंत पाळावा.

क्वचित वहीही हात टेकते. पुण्याच्या बालेवाडीत जानेवारी २०१९ मध्ये अँडरसनने कार्लोविचला ७–६, ६–७, ७–६ असे हरविले. टायब्रेक ७–४, २–७, ७–५ असे झाले. तिन्हींतील गुण मिळविले तर प्रत्येकी १६ भरतात! अशा ठिकाणी बेरीज मुकी होते आणि कोणता गुण केव्हा पडला एवढेच विचारावे लागते.

आणि एक. पावसाळ्यात ऐन टायब्रेकमध्ये वीज गेली, तर परत आल्यावर मधले गुण अंदाजाने भरू नयेत. तेवढी जागा कोरी सोडून तेथे ‘वीज नव्हती’ असे लिहावे.