निखाऱ्यांवरचे निनाव आणि ओव्हनमधले जामफळ

२०२२ साली दसऱ्याच्या तोंडावर आमच्या शाळेत शिक्षकांची आरोग्य-तपासणी झाली आणि रक्तशर्करेच्या यादीत मुख्याध्यापकांचा पहिला क्रमांक आला. विद्यार्थिदशेत हा मान मला कधी लाभल्याचे स्मरत नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज चालावयास सांगितले आणि गोडावर रेघ मारली.

दसऱ्याच्या दिवशी पाने मांडली गेली. सर्वांच्या वाटीत श्रीखंड, माझ्या वाटीत सफरचंदाच्या चार फोडी. मला त्याचे फारसे वाटले नसते. पण शेजारी बसलेल्या आईने आपली वाटी हळूच बाजूला सरकवली. "तू खात नाहीस तर मला कशाला?" एवढेच ती म्हणाली. तिने ऐंशी ओलांडलेली, आहार आधीच चिमणीएवढा. त्या दिवसापासून तिने गोड टाकले ते टाकलेच. माझ्या पथ्याची शिक्षा तिला होऊ लागली. एकाच भांड्यातून सर्वांच्या पानात वाढता येईल असे काही गोड घरात होणे, ही आमची निकड झाली.

माझी पुतणी येथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहारशास्त्र शिकलेली. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी, श्रीमती हंसा मेहता कुलगुरू असताना, तेथे गृहविज्ञानाची शाखा निघाली. आज तिचे नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस असे आहे; आमच्या पिढीच्या तोंडी मात्र 'होमसायन्स'च राहिले. पुतणीने सुचविले, "काका, तो ओव्हन वाढदिवसाच्या केकसाठीच आहे का? फळे भाजून पाहा."

मी उत्साहाने चिकू आणले. सौ.ने ते चिरून, वर वेलदोड्याची पूड भुरभुरून भाजले. त्यांतले दोन अर्धे कच्चे होते; त्यांचा तुरटपणा भट्टीतही गेला नाही आणि ते जिभेला चिकटून राहिले. उरलेले मात्र खव्यासारखे लागले. साखरेचा कण नाही, तुपाचा थेंब नाही, या समाधानात मी तीन चिकू फस्त केले. दोन तासांनी बोटाला सुई टोचून पाहतो तो आकडा २४१! पुतणीला दूरध्वनी केला, तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, भाजल्याने पाणी उडाले. साखर कुठे जाणार?"

तिच्या या प्रश्नात सारे शास्त्र आले. शंभर ग्रॅम चिकूत सुमारे वीस ग्रॅम कर्बोदके असतात. भट्टीत फळ आक्रसते, त्याचा गोडवा जिभेला अधिक जाणवतो, आणि फोड लहान दिसते म्हणून हात पुन्हा ताटाकडे जातो. भाजलेले फळ हलके ठरते ते आपण त्यात काय घालत नाही आणि किती खातो यांवर. भट्टीने पदार्थ पथ्याचा होत नाही. गुळाविषयीही आपल्याकडे असाच गोड गैरसमज आहे. गूळ काय, मध काय, शरीराच्या हिशेबी साखरेच्याच पंक्तीला बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशा वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली. तिच्यातली अधिक काटेकोर मर्यादा धरली तर प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे पंचवीस ग्रॅम, म्हणजे सहाएक लहान चमचे मिळतात. चहा पिणाऱ्या माणसाने आता आपले कप मोजावेत.

ही खटपट चालली असता आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ओव्हनच्या काचेतून वरची आणि खालची लाल झालेली दांडी तिने पाहिली आणि म्हणाली, "हे तर आमचे निनावच!"

आम्ही कायस्थ प्रभू. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले आणि त्यांच्या चाकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांत आमच्या ज्ञातीचीही होती. निनाव हे श्रावण संपता संपता करावयाचे आमच्यातले पक्वान्न. कणीक आणि चण्याचे पीठ तुपावर भाजावयाचे, नारळाच्या दुधात गूळ विरघळवून त्यात शिजवावयाचे, जायफळ घालून ते थापावयाचे; मग भांडे मंद निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरावयाचे. खालचाच विस्तव असला तर तळ करपतो आणि माथा फिकट राहतो. वरचा विस्तव पृष्ठभागाला खरपूस रंग देतो. कोकणात काकडीचे धोंडसही याच रीतीने होते. ओव्हन दुकानातून आला असेल, त्यातली युक्ती मात्र आमच्या आज्यांना ठाऊक होती. (मायक्रोवेव्ह हे निराळे प्रकरण. त्यात फळ नुसते उकडल्यासारखे होते. त्यास खरपूसपणा येत नाही.)

चिकूनंतर पाळी आली जामफळाची. आम्हां बडोदेकरांच्या तोंडी पेरूचे हेच नाव. पुण्याच्या पाहुण्यांना ते जांभळाचे भावंड वाटते. खंडेराव मार्केटात हिवाळ्यात पिकलेली पण टणक जामफळे मिळतात, ती घ्यावीत. चार जामफळांचे उभे दोन भाग करून चमच्याने बियांचा गर काढावा. तो चाळणीवर घासून बिया वेगळ्या कराव्यात. निराळ्या न काढल्या तर आईसारख्यांच्या कवळीत अडकतात. गाळलेल्या गरात चार खजुरांचे बारीक तुकडे, आठ बदामांचा जाडसर कूट, चिमूटभर दालचिनी आणि अर्ध्या लिंबाचा रस मिसळावा, हे सारण वाट्यांत भरावे. ताटलीत चार चमचे पाणी घालून १८० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. कडा तांबूस झाल्या की काढावे. एका माणसास एक जामफळ, म्हणजे सुमारे वीस ग्रॅम कर्बोदके. पण त्यासोबत पाचएक ग्रॅम तंतूही मिळतात आणि पोट भरल्यासारखे वाटते. जामफळातले क जीवनसत्त्व उष्णतेने काहीसे घटते, तथापि मुळातच ते विपुल असते.

वर घालावयास साय नको. श्रीखंडाचाच चक्का, साखर न घालता, जायफळ किसून फेटावा आणि गरम जामफळावर एक चमचा ठेवावा.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकून दहा मिनिटे तापवावे आणि ताटली आत ठेवून मंद आचेवर चाळीस मिनिटे द्यावीत. वर रंग यावा म्हणून शेवटी झाकणावर तापलेला लोखंडी तवा ठेवावा, ही आईची भर. झाकण काचेचे असल्यास मात्र हा प्रयोग करू नये.

सफरचंद आणि अननसही छान भाजतात. केळे लवकर मऊ होते, त्यास बारा मिनिटे पुरेत, आणि माझ्यासारख्याने अर्धेच घ्यावे. केशर आंबा भट्टीत घालणे हा मात्र मी गुन्हा समजतो.

गेल्या दसऱ्याला आठ वाट्या एकाच ताटलीतून वाढल्या. आईने आपली वाटी स्वच्छ केली, चमचा पुसला आणि सुनेला विचारले, "अगं, निनाव याच ओव्हनमध्ये होईल ना? गूळ निम्माच घालू." येत्या श्रावणअखेरीचे ठरले आहे. माझ्या वाट्याला दोन बोटे रुंदीची एक वडी येणार, आणि ती कापणार पुतणी.