जुन्या मोटारसायकलचा ब्रेक ओरडतोय? आधी कारण शोधा, मग लायनर बदला

परभणीत वसमत रोडवर उभं राहा की जिंतूर रोडवर, जुन्या हिरो होंडा आजही सर्रास धावताना दिसतात. हिरो आणि होंडा वेगळे होऊन 2011 मध्ये कंपनीचं नाव बदललं, पण टाकीवर जुनं नाव असलेल्या गाड्या घराघरात आहेत. बऱ्याच घरांत एकच गाडी असते. तीच कामावर जाते, तीच मुलांना शाळेत सोडते, जुम्याला मशिदीत नेते आणि सुट्टीच्या दिवशी पाथरी-सेलूच्या पाहुण्यांकडेही जाते.

अशा गाडीचा ब्रेक दाबला की 'चूंऽऽ' असा आवाज येतो. त्यावर दोन उत्तरं नेहमी ऐकायला मिळतात. एक, "जुनी गाडी आहे, ओरडणारच." दुसरं, "थोडं तेल सोड, बंद होईल." पहिलं उत्तर निष्काळजीपणाचं आहे. दुसरं थेट जिवावर बेतणारं आहे.

एप्रिल 2019 पासून नव्या दुचाकींना 125 सीसीपर्यंत सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत यातलं काहीच नाही. तिथे ड्रम आणि त्यावर घासणारे लायनर एवढाच सगळा भरवसा. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. समोर अचानक मूल आलं तर आपला पाय पॅडलवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. त्यानंतर लायनरने साथ दिली नाही तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आवाज येतो कसा?

फळ्यावर खडू कधी कधी करकरतो, ते आठवा. खडू सरळ सरकत नाही. क्षणभर अडकतो, सुटतो, परत अडकतो. हे एका सेकंदात शेकडो वेळा घडतं आणि कानाला करकर ऐकू येते. ब्रेकमध्येही हेच होतं. लायनर ड्रमवर नीट धरत नाही, थरथरतो आणि ती थरथर आपल्याला आवाज म्हणून कळते.

पण सगळे आवाज सारखे नसतात.

सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला आवाज आला आणि नंतर थांबला, तर रात्रीचं दव किंवा पावसाचं पाणी आणि हलका गंज हे कारण असतं. त्यात काळजीचं काही नाही.

बारीक, लांब किंचाळी रोज येत असेल तर बहुधा आत धूळ साचली आहे किंवा लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बारीक धूळ आणि पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी चिकट माती, दोन्ही ड्रममध्ये शिरतात.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर लायनर संपला आहे, असं समजा आणि गाडी तिथेच थांबवा. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला गेलात तर ड्रम किंवा डिस्क खराब होईल, आणि तो खर्च कित्येक पट असतो.

ब्रेक दाबताना पॅडल किंवा लिव्हर पायाला-हाताला ठोके देत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा डिस्क वाकडी झाली आहे. इथे नुसते लायनर बदलून उपयोग नाही.

तेल का नाही सोडायचं?

ब्रेक घर्षणावर चालतो आणि तेल घर्षण मारतं. तेल पडलं की आवाज खरंच बंद होतो, पण आवाजाबरोबर ब्रेकही जातो. लायनर तेल शोषून घेतो. पेट्रोलने धुतला तरी तो भरवशाचा राहत नाही, बदलावाच लागतो. ग्रीसची जागा फक्त कॅमवर आणि शू ज्या पिनवर फिरतात तिथे आहे, तीही बोटाच्या टोकावर येईल एवढीच.

घरी काय तपासाल?

गाडी मेन स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. अडकत असेल तर ब्रेक जास्त आवळलेला आहे. चालवताना हब तापतो, लायनर कडक होतो आणि आवाज सुरू होतो. मागच्या पॅडलला साधारण दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल असावी. ती रॉडच्या टोकाच्या नटने कमी-जास्त करता येते.

आता ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि ड्रमच्या बाहेरचा ब्रेक आर्म पाहा. बऱ्याच गाड्यांत तिथे एक बाण आणि पॅनेलवर एक खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला, की लायनरचं आयुष्य संपलं. रॉडचा नट आवळून ब्रेक पुन्हा लागल्यासारखा वाटतो, पण आत जाडी उरलेली नसते.

पल्सरसारख्या डिस्क ब्रेकच्या गाडीत टॉर्च लावून कॅलिपरमध्ये पाहा. पॅडवरची खाच पुसली गेली असेल किंवा मसाला एक-दीड मिलिमीटरच उरला असेल, तर पॅड बदला. दोन्ही पॅड एकदमच बदलायचे, एक कधीच नाही.

जुन्या गाडीचे लायनर शोधताना

दुकानात जाऊन फक्त "स्प्लेंडरचे द्या" म्हणू नका. एकाच नावाची गाडी वर्षागणिक बदलत गेली आहे. कमी सीसीच्या गाड्यांत 110 आणि 130 मिलिमीटर, अशी दोन मापं नेहमी आढळतात. शिवाय पुढचा आणि मागचा ड्रम सारखाच असेल असं नाही. म्हणून जुने शू खोलून सोबत घेऊन जा. नवा शू जुन्यावर ठेवून गोलाई, रुंदी, पिनची जागा आणि स्प्रिंगची भोकं जुळवा. मॉडेल बंद झालं असलं तरी तेच माप दुसऱ्या चालू मॉडेलला लागत असेल, तर माल सहज मिळतो.

डब्यावर कंपनीचं नाव, एमआरपी आणि तयार झाल्याचा महिना-वर्ष पाहा. सुटा, बिनडब्याचा माल घेऊ नका. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला जुना साठाही टाळा, कारण लायनर चिकटवलेला असतो आणि तो सुटू शकतो. बिल मागायला लाजू नका.

ड्रम उघडलाच आहे तर त्याचा आतला व्यास मिस्त्रीला मोजायला सांगा. कमाल मर्यादा बऱ्याचदा ड्रमवरच कोरलेली असते. ड्रम त्यापलीकडे झिजला असेल तर नवे लायनरही ओरडतील. स्प्रिंग सैल झाल्या असतील तर त्याही बदला, किंमत किरकोळ असते.

डिस्कचे पॅड घातल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिल्याच वळणावर लिव्हर रिकामा जातो. आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते तेल नाही, वेगळं द्रव्य आहे. टाकीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4, जे लिहिलं असेल तेच घाला. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं.

नवे लायनर पहिले शे-दोनशे किलोमीटर हळूहळू बसतात. तोपर्यंत जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका.

गॅरेजवरच्या मुलांसाठी

आपल्या समाजातली अनेक मुलं गॅरेजवर काम शिकतात. त्यांना आणि त्यांच्या उस्तादांना एक विनंती आहे. ड्रम उघडला की आतल्या काळ्या भुकटीवर तोंडाने फुंकर मारू नका, हवेचा पाइपही लावू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि आजार वीस-तीस वर्षांनी उठतो. ओल्या फडक्याने पुसा, नाक-तोंड झाका, फडकं वेगळं टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना लहानपणापासून देतो. आजचा उंट दाराशी स्टँडवर उभा आहे. गाडीवर मागे बसलेलं माणूस आपल्याकडे अमानत असतं, आणि रस्त्यावरून पायी चालणाराही. उरुसाच्या दिवसांत तुराबुल हक दर्ग्याकडे जाणाऱ्या गर्दीत शिरण्याआधी, किंवा गंगाखेड रोडला लांबच्या प्रवासाला निघण्याआधी, एकदा चाक फिरवून आणि तो बाण पाहून घ्या.